‘नाताळ’चा ळ आणि त्याच्या आदल्या दिवसाचं नाव

शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. तिने सूचनाफलकावर लिहिलं, ‘नाताळच्या पूर्वसंध्येला शाळा अकरा वाजता सुटेल.’ त्यावर एका पालकांनी तीन हरकती घेतल्या. ‘नाताळच्या’ नव्हे, ‘नाताळाच्या’. सकाळी अकरा वाजता कसली आली संध्या? आणि मुळात नाताळ हा शब्दच परका, सरळ ‘ख्रिस्तजयंती’ लिहा की. तिला विचारायचंय, यातली कुठली हरकत धरायची आणि कुठली सोडून द्यायची.

शेवटच्या हरकतीपासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिच्यात आहे.

नाताळ पोर्तुगिजांकडून आला हे खरंच. त्यांच्या भाषेत या सणाला ‘नाताल’च म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. इटालियन ‘नाताले’ आणि फ्रेंच ‘नोएल’ ही त्याचीच रूपं. लॅटिनमध्ये जन्मलेल्याला ‘नातुस’ म्हणत आणि त्याचं जुनं रूप होतं ‘ग्नातुस’. त्यातला ग आणि आपल्या ‘जन्म’, ‘जात’, ‘जातक’ यांतला ज एकाच मुळातून निघाले आहेत. इस्पितळात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागावर ‘एनआयसीयू’ अशी पाटी असते, त्यातला एन म्हणजे ‘निओनेटल’. तोही याच कुळातला. उलट ‘जयंती’च्या मुळाशी जन्म नाहीच, जय आहे. जयंती हे मुळात कृष्णजन्माच्या वेळच्या अष्टमी-रोहिणी योगाचं नाव. पुढे ते कुणाच्याही जन्मदिवसाला लागलं. तेव्हा शुद्धतेच्या नावाखाली नाताळ काढून जयंती घालणारा जन्माचा शब्द काढतो आणि विजयाचा घालतो. घालावा, माझी ना नाही. ‘ख्रिस्तजयंती’ हा चांगला शब्द आहे. पण नाताळला परका ठरवायचं तर पाव, बटाटा, पगार, चावी, घमेलं, बिजागरी आणि लिलाव यांनाही घराबाहेर काढावं लागेल. ही सगळी एकाच गलबतातून उतरलेली मंडळी.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. म्हणजे नाताळ दोन दिवसांवर आला असताना. चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली. मधली दोनशे वर्षं उत्तर कोकणाचा हा पट्टा आणि दक्षिणेला गोवा, अशा दोन्ही टोकांनी हा शब्द मराठीत मुरत राहिला. पोर्तुगीज जिथे किनाऱ्याला लागले त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी तो सापडतो. गुजरातीत ‘नाताल’, सिंहलीत ‘नत्तल’, इंडोनेशियात ‘नाताल’. उत्तर हिंदुस्थानात मात्र ‘बडा दिन’ आणि बंगालीत ‘बॉडोदिन’.

बडा दिन का, तर इथून दिवस मोठा व्हायला लागतो म्हणून, असं ठासून सांगणारे भेटतात. रोमनांच्या पंचांगात २५ डिसेंबर हाच सर्वांत लहान दिवस धरत, तेवढा आधार या म्हणण्याला आहे. आज तो मुक्काम २१-२२ डिसेंबरला येतो. आणि आपल्याकडे आणखी एक मौज असते. मुंबई-पुण्यात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस. डिसेंबर संपता संपता संध्याकाळ लांबायला लागलेली असते, पण सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच उजाडत जाते. त्यामुळे दिवस वाढतोय हे पहाटे उठणाऱ्याला कळतच नाही. तिळातिळाने दिवस वाढतो असं आपण संक्रांतीला म्हणतो, ते सकाळच्या बाजूने पाहिलं तर अगदी बरोबर आहे. ‘बडा’चा अर्थ मला तरी साधाच वाटतो, बडे साहेबांमधल्या बडेसारखा. मानाचा दिवस तो बडा दिन.

शब्द परका की आपला हे त्याच्या गावावरून ठरत नाही, आपल्या तोंडात त्याचं काय झालं त्यावरून ठरतं. आणि इथे तो ळ बोलतो. संस्कृतातला एकटा ल दोन स्वरांच्या मध्ये आला की मराठीत त्याचा ळ होतो. फल-फळ, काल-काळ, मूल-मूळ. प्राकृतात ज्याचा जोड ल्ल झाला तो मात्र ल राहतो. ‘कल्य’पासून ‘कल्ल’ आणि त्यापासून आपला आदल्या दिवसाचा ‘काल’. म्हणून काळ वेगळा आणि काल वेगळा. फारसी-अरबीतून आलेल्या माल, साल, हाल, दलाल यांना आपण ल ठेवू दिला. नाताळला ठेवू दिला नाही, त्याला फळ-मूळच्या पंगतीत बसवलं. पोर्तुगीज शेवटचा ल जरा जाड, जीभ मागे ओढून उच्चारतात, त्याचाही हात असेल. पण गुजरातीत ळ असूनही तिथे ‘नाताल’च राहिलं, तेव्हा निव्वळ कानाला दोष देऊन भागणार नाही. ‘इस्पितळ’ची चाल अशीच आहे, तोच त आणि शेवटी तोच ळ. आणि त कायम राहील असाही नियम नाही. पोर्तुगीज ‘बताता’चे दोन्ही त आपण ट करून टाकले.

याच शब्दाचं एक जुळं भावंड आफ्रिकेत आहे. कालिकतच्या वाटेवर असताना १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून जात होता, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताळ पडलं. गांधीजींनी १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस काढली ती तिथेच. नवख्या वाचकाला ‘नाताळमधले हिंदी मजूर’ असं वाचून क्षणभर केक-मेणबत्त्या आठवतात, पण दोन्हींची व्युत्पत्ती एकच आहे. आता प्रांताचं नाव क्वाझुलू-नाताळ आहे. क्रिकेटच्या बातम्यांत ‘नटाल’ वाचलं की समजावं, शब्द या खेपेला इंग्रजीच्या दारातून आलाय.

किनाऱ्यावरचा हा शब्द देशावरच्या घराघरांत रुळायला मदत झाली ती मात्र चर्चची नव्हे, कचेरीची असं माझं मत आहे. इंग्रजी अमदानीत कोर्टं आणि शाळा-कॉलेजं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बंद असत. वकील, प्राध्यापक, संपादक सगळे मोकळे. म्हणून काँग्रेसची सुरुवातीची अधिवेशनं नाताळात भरत. पहिलं पुण्यात व्हायचं होतं, पण कॉलऱ्याच्या साथीमुळे मुंबईला हललं आणि २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलं. काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही, हा पुण्यातला १८९५ चा प्रसिद्ध वादही नाताळाच्या तोंडावरचा, आणि काँग्रेसच्या सुरत अधिवेशनात जोडे उडाले तेही १९०७ च्या नाताळातच. ‘नाताळात’ म्हटलं की आपल्याला एक दिवस नाही, आठवडाभराचा मोकळा वेळ दिसतो, तो इथून आलेला. ख्रिसमस एका दिवसाचा, नाताळ आठवड्याचा. रोजच्या बोलण्यातला हा फरक मला मोलाचा वाटतो.

आता रूपाची हरकत. नाताळ पुल्लिंगी आणि अकारान्त, तेव्हा नियमाने सामान्यरूप ‘नाताळा-’ आणि त्यावरून ‘नाताळाची सुट्टी’. पालकांचं व्याकरण बिनचूक आहे. पण काळ दाखवणारे शब्द ‘चा-ची-चे’ लावताना आकार गाळतात, ही मराठीची जुनी सवय आहे. सोमवारचा उपास, मार्चचा पगार, जूनची पुस्तकं. ‘सोमवाराचा उपास’ कुणी म्हटलं तर आपण वळून बघू. नाताळ त्याच रांगेत जाऊन बसला. ‘त’ लावताना मात्र आकार सुटत नाही. ‘नाताळात’ असंच म्हणतो, ‘नाताळत’ कुणी म्हणत नाही. ‘नाताळची’ आणि ‘नाताळाची’ ही दोन्ही रूपं चालतात. मी ‘नाताळची’ लिहितो आणि शाळेच्या फळ्यावरही ती खोडू नये.

राहिली पूर्वसंध्या. इथे पालकांच्या बोलण्यात तथ्य आहे. इंग्रजीतला ‘ईव्ह’ म्हणजे मुळात संध्याकाळच. यहुदी परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि चर्चच्या उपासनेत मोठे सण अजूनही आदल्या सायंकाळच्या प्रार्थनेपासून धरतात. २४ तारखेची संध्याकाळ त्यांच्या लेखी नाताळचीच असते. गोव्यात सणाच्या आदल्या दिवसाला ‘वेस्पर’ म्हणतात तो पोर्तुगीज ‘व्हेस्पेरा’, सायंप्रार्थनेच्या नावाचाच सख्खा. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पोर्तुगीजमध्ये ‘कोंबड्याची मिस्सा’ म्हणतात, हे जाता जाता. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला लागतो, त्यामुळे आदली संध्याकाळ आदल्याच दिवसाची. ‘ईव्ह’चं ‘पूर्वसंध्या’ करणाऱ्यांनी हा फेर पाहिला नाही. त्यात संध्यावंदनाच्या परिभाषेत पूर्वा संध्या म्हणजे पहाटेची, संध्याकाळची ती पश्चिमा. म्हणजे शब्दाला जुना अर्थ आहे तो भलत्याच वेळेचा.

बरं, सणाच्या आदल्या दिवसाला नाव द्यायची मराठीची तऱ्हाच निराळी आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवसाला आपण संक्रांतीची पूर्वसंध्या म्हणत नाही, भोगी म्हणतो. तिची लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका. आदल्या दिवसाचं स्वतःचं काही असेल तर त्याला स्वतःचं नाव मिळतं, नसेल तर तो नुसता आदला दिवस. २४ डिसेंबर पडतो धुंधुरमासात, म्हणजे धनुर्मासात, ज्याला कोणी झुंझुरमासही म्हणतं. एका घरात सूर्य उगवायच्या आत मुगाच्या खिचडीचा नैवेद्य आणि शेजारच्या घरात मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी, असा हा दिवस. त्याला अजून तरी कुणी नाव ठेवलेलं नाही.

‘पूर्वसंध्या’ वर्तमानपत्रांनी इतकी रूढ केली आहे की प्रजासत्ताक दिनाचं राष्ट्रपतींचं भाषण तिच्यावाचून छापून येत नाही. ते भाषण निदान संध्याकाळी तरी असतं. शाळा अकराला सुटणार असेल तर फळ्यावर लिहावं, ‘नाताळच्या आदल्या दिवशी शाळा अकरा वाजता सुटेल.’ पोरं तशीही फक्त ‘अकरा’ वाचणार.