प्रभाकर पणशीकर म्हणजे फक्त 'तो मी नव्हेच' का?

तुम्ही लिहिलंय की नट काशीनाथ घाणेकरांवरच्या सिनेमात प्रसाद ओकने केलेले नट-निर्माते पणशीकर पाहिले. घरातली मोठी माणसं 'लखोबा बघायला हवा होतास' एवढंच म्हणतात, म्हणजे 'तो मी नव्हेच' नाटकातली त्यांची भूमिका. तर एका भूमिकेपलीकडे या माणसाने केलं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

आमचा एक काका हौसेपोटी गावात नाटकं आणायचा. कॉन्ट्रॅक्टवर प्रयोग घ्यायचा, तिकिटं खपली तर चार पैसे मिळायचे, नाही खपली तर काकूची बोलणी. बुकिंगच्या टेबलाशी खुर्च्यांच्या प्लॅनवर पेन्सिलीने फुल्या मारायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कुठलं नाटक किती धावतं हे मला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. काकाचं गणित साधं होतं: आधीच्या दोन-तीन नाटकांत बुडालं की लखोबा आणायचा. तेव्हा सुरुवात लखोबापासूनच करावी लागेल.

अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत पहिल्यांदा झालं. नाट्यनिकेतन या संस्थेची निर्मिती, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं. बायकांना लग्नाचं आमिष दाखवून लुबाडणाऱ्या माधव काझीच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. पणशीकर तेव्हा एकतीस वर्षांचे. नाटकापायी घर सोडून उमेदवारी केलेला नट, नावाला अजून वजन नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभा. साक्षीदार बोलू लागला की रंगमंच फिरतो आणि तोच माणूस दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज किंवा दाजीशास्त्री दातार होऊन समोर येतो. साक्ष संपली की पुन्हा पिंजऱ्यात, पुन्हा कानडी हेलाचं मराठी. मधे कपडे, रंगभूषा, चाल, आवाज सगळं बदलायला मिळणार काही मिनिटं. मी विंगेतून एकदा ती धावपळ पाहिली आहे. एक जण टोपी घेऊन उभा, दुसरा कोट उघडून धरलेला, आणि पंत (नाटकवाले त्यांना पंतच म्हणत) धापही न टाकता त्यातून निघून जात.

जाता जाता एक गंमत. नाटकात जे दाजीशास्त्री आहेत, त्याच नावाचे पंतांचे सख्खे भाऊ होते, महाभारताचे अभ्यासक. वडील विष्णुशास्त्री संस्कृत पंडित. शास्त्रीबुवांचं बोलणं पंतांना कुठे शिकायला जावं लागलं नसणार.

या एका नाटकाचे हजारो प्रयोग त्यांनी चार दशकांहून जास्त काळ केले. एखाद्याने यावरच आयुष्य काढलं असतं आणि कुणी नावं ठेवली नसती. पण पहिल्या प्रयोगाला वर्ष होतं न होतं तोच, १९६३ साली, त्यांनी स्वतःची संस्था काढली, नाट्यसंपदा. नेपथ्यकार मोहन वाघ सुरुवातीला भागीदार होते, पुढे त्यांनी चंद्रलेखा ही आपली संस्था काढली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या संस्थेत आहे, आणि त्यातही पंतांनी स्वतःला कोणती कामं दिली त्यात.

वसंत कानेटकरांचं 'अश्रूंची झाली फुले' हे नाटक घ्या. प्राचार्य विद्यानंद ही मध्यवर्ती भूमिका पंतांची. सरळ, तत्त्वाचा माणूस खोट्या आळापायी तुरुंगात जातो आणि बाहेर येतो तो वेगळाच होऊन. याच कथेवर 'आँसू बन गये फूल' हा हिंदी सिनेमा निघाला, त्यात हे काम अशोक कुमारने केलं. म्हणजे भूमिका केवढी मोठी ते बघा. पण आमच्या गावात लोक तिकीट काढायचे ते त्यातल्या लाल्यासाठी, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या डॉ. काशीनाथ घाणेकरांसाठी. लाल्याच्या एन्ट्रीला शिट्ट्या पडायच्या. पंत शेजारी उभे राहून त्या ओसरायची वाट बघत आणि मग आपलं वाक्य घेत. मालक ते, निर्माते ते, जाहिरातीत 'आणि' लावून शेवटी मोठं नाव मात्र दुसऱ्याचं! 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये परत तेच. टाळ्यांचा संभाजी घाणेकर, आणि पंतांकडे औरंगजेब. मराठी प्रेक्षकासमोर औरंगजेब उभा करायचा आणि तो नुसता राक्षस वाटू द्यायचा नाही, हे फार अवघड काम होतं. मला विचाराल तर त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. लखोबासुद्धा याच्यानंतर. काका हे ऐकून चिडायचा.

आणि 'कट्यार काळजात घुसली'. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. संगीत नाटकाचे दिवस सरले असं लोक बोलत होते तेव्हा गायक, साजिंदे, मोठा संच असा खर्च डोक्यावर घेणं म्हणजे धाडसच. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली त्यांना पंतांच्या संस्थेने असा रंगमंच दिला की आज वसंतराव म्हटलं की आधी कट्यार आठवते. पंतांनी स्वतःसाठी काय ठेवलं? कविराज बांकेबिहारी. गाणं नाही, मैफल जिंकायची नाही, दोन गायकी घराण्यांच्या भांडणाच्या कडेला उभं राहून बोलायचं.

'थँक यू मिस्टर ग्लाड'मधला त्यांचा जेलर मी नंतर मुंबईत पाहिला. अनिल बर्वेंचं नाटक. नक्षलवादी कैदी वीरभूषण पटनाईक आणि त्याच्यासमोर हा कडक ग्लाड. अंगात आणि आवाजात लखोबाचा मागमूस नव्हता. माझ्या शेजारच्या बाई मध्यंतरात म्हणाल्या, 'पणशीकर कधी येणार हो?'

२०११ च्या जानेवारीत ते पुण्यात गेले. आज राज्य सरकारचा रंगभूमीसाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. 'तोच मी' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर वाचा.

'तो मी नव्हेच'चं त्यांचं चित्रण यूट्यूबवर सापडतं, ते बघाच. पण पहिल्यांदा वेषांतरं मोजत बसू नका. साक्षीदार बाई बोलत असताना पिंजऱ्यातल्या लखोबाकडे बघा. तो काहीच करत नसतो, नुसता ऐकत असतो.