वाचकांचे प्रश्न : लाभपाचमीला सर्टिफिकेट संपलं, आता काय?

प्रश्न : मकरपुऱ्यात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, कारखान्यांना गेटपास आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर देतो. सहा ठिकाणी आमचे सर्व्हर आहेत, सगळीकडे टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) आणि सोबत एक जुनी जावा सर्व्हिस. दरवर्षी सर्टिफिकेट (सर्व्हर आमचाच आहे हे दाखवणारं, मुदतीचं डिजिटल ओळखपत्र) विकत आणायचं आणि जावाच्या कीटूल या टूलने त्याची जेकेएस फाईल बनवायची हे काम एकच सिनिअर करायचा, तो गेला कॅनडाला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत सर्टिफिकेट संपलं, कारखाने बंद म्हणून कोणाला कळलंच नाही, आणि लाभपाचमीला सकाळी मुहूर्ताचा पहिला गेटपास निघेना! पार्टीचे शेठ पूजेच्या ताटाजवळ उभे आणि स्क्रीनवर लाल पाटी. जुन्या फाईलचा पासवर्डही कोणाकडे नाही. हे सगळं आपोआप होईल असं काही करता येतं का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : लाभपाचमीला लाल पाटी म्हणजे शेठ आता पुढच्या लाभपाचमीपर्यंत ऐकवणार तुम्हाला. असो. आधी एक काळजी काढून टाका, जुन्या फाईलचा पासवर्ड शोधत बसू नका, ती फाईल आपल्याला नकोच आहे. लोक कीस्टोअरला, म्हणजे या जेकेएससारख्या फाईलला, आजीच्या लोणच्याच्या बरणीसारखं जपतात, वर्षानुवर्षं तीच फाईल, दरवेळी त्यातच नवीन सर्टिफिकेट इम्पोर्ट करायचं, आत चार मेलेले एलियास, म्हणजे नोंदींची नावं, पडलेले आणि त्यातला चालू कुठला ते फक्त बनवणाऱ्याला माहीत, तो कॅनडाला. फाईल दरवेळी शून्यापासून नवीन बनवायची आणि जुनी टाकून द्यायची, एवढं एकदा ठरवलंत की अर्धं काम झालंच म्हणून समजा.

त्या फाईलमध्ये असतं तरी काय, तर प्रायव्हेट की म्हणजे सर्व्हरची गुप्त किल्ली, तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट आणि त्याला वरच्या रूटशी, म्हणजे ब्राउझर आधीच मानतो त्या मूळ सर्टिफिकेटशी, जोडणारं इंटरमीडिएट सर्टिफिकेट. तिन्ही एका डब्यात, डब्याला पासवर्ड. जेकेएस हा जावाचा घरचा डबा, पीकेसीएस १२ म्हणजे ज्याला आपण पी१२ किंवा पीएफएक्स म्हणतो तो सगळ्यांकडे चालतो. २०१७ ला जावा ९ आलं तेव्हापासून जावानेच पीकेसीएस १२ डिफॉल्ट केलंय, तेव्हा नव्याने करताना जेकेएसच्या वाटेला जाऊच नका.

आणि खरं सांगू का, डबा लागतोच का ते आधी बघा. टॉमकॅट ८.५ पासून पेम फाईली (की आणि सर्टिफिकेट साध्या मजकुरात) सरळ वाचतो, कीस्टोअरशिवाय. म्हणजे तुमच्या सहाही ठिकाणी टॉमकॅटसाठी हा उद्योगच नको, पी१२ बनवायची ती फक्त त्या जुन्या सर्व्हिससाठी. कमी कामाचं ऑटोमेशन हे सगळ्यात चांगलं ऑटोमेशन, आळशी माणसाचं मत समजा हवं तर.

सर्टिफिकेट आणायला लेट्स एन्क्रिप्ट ही ते देणारी संस्था आणि सर्टबॉट हा ते आणणारा प्रोग्राम. फुकट आहे, ९० दिवस चालतं, आणि फुकट म्हणजे हलकं असणार असं शेठ म्हणतील तर त्यांना सांगा की ब्राउझरच्या कुलपाला दोन्ही सारखीच. अडचण एकच, डोमेन तुमचंच का हे ते ८० नंबरच्या पोर्टवर येऊन तपासतात, आणि कारखान्याच्या आतल्या सर्व्हरचं ते पोर्ट बाहेरून उघडं नसतं, आणि ते उघडूही नका. त्यासाठी डीएनएस चॅलेंज वापरायचं, म्हणजे डोमेन तुमचंच आहे हे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नाव-पत्त्याच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून दाखवायचं. पण तुमच्या डीएनएसवाल्याकडे एपीआय, म्हणजे ती नोंद प्रोग्रामने टाकायची सोय, हवा. तो रेकॉर्ड दर दोन महिन्यांनी कोणीतरी लॉगिन करून हाताने टाकणार असेल तर मग परत कॅनडाच. आणि ट्रायल घ्यायची ती ड्राय-रनने, म्हणजे सर्टबॉटच्या लुटुपुटीच्या फेरीने घ्या, लेट्स एन्क्रिप्टच्या खऱ्या सर्व्हरवर नाही, कारण त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाचच वेळा मिळतं, सहाव्यांदा दार बंद.

आता मुख्य भाग. सर्टबॉट दिवसातून दोनदा उठून बघतो, ९० दिवसांच्या सर्टिफिकेटचे साधारण ३० दिवस उरले की रिन्यू करतो, आणि खरंच नवीन आलं तरच डिप्लॉय हुकमधली (रिन्यूनंतर आपोआप चालायची) स्क्रिप्ट चालवतो. तुमची पी१२ बनवणारी स्क्रिप्ट तिथे ठेवायची, वेगळ्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) नाही. कमांड जशीच्या तशी छापत नाही, न समजता पेस्ट करून मग मला फोन करणारे बरेच झालेत, पण क्रम सांगतो. ओपनएसएसएल या टूलच्या पीकेसीएस १२ एक्सपोर्टला प्रायव्हेट की आणि फुलचेन, म्हणजे सर्टिफिकेट आणि इंटरमीडिएट एकत्र असलेली फाईल, द्यायची. फुलचेनच, नुसती सर्ट फाईल नाही, कारण नुसती दिली की इंटरमीडिएट राहून जातं, मग ऑफिसच्या लॅपटॉपवर साइट मस्त उघडते आणि गेटवरच्या वॉचमनच्या फोनवर उघडत नाही, आणि दोष येतो फोनवर. एलियासचं नाव दरवेळी तेच ठेवा. फाईल आधी त्याच फोल्डरमध्ये टेम्पररी नावाने बनवा, कीटूलने उघडून आत की आणि पूर्ण चेन आहे ना ते स्क्रिप्टनेच तपासायचं, ओनर आणि परमिशन लावायची, आणि मग नाव बदलून जागेवर आणायची. नाव बदलणं एका झटक्यात होतं, सरळ जुन्यावर लिहायला गेलात आणि मध्ये लाईट गेली तर अर्धी फाईल हातात.

अजून एक, सर्टबॉट दर रिन्यूला प्रायव्हेट कीसुद्धा नवीन बनवतो. जुन्या डब्यात फक्त नवीन सर्टिफिकेट घातलंत तर की आणि सर्टिफिकेटची जोडीच जमणार नाही, मी म्हणतो डबाच नवीन करा ते यासाठीच.

पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, मशीनवर दुसरा कोणी प्रोसेसची यादी काढेल त्याला तो वाचता येतो. फक्त रूट युजरला (मशीनच्या मुख्य ॲडमिनला) वाचता येईल अशा फाईलमधून द्या. पण त्या पासवर्डवर फार विसंबूही नका, तोच पासवर्ड सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये शेजारीच पडलेला असतो, कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं. खरं कुलूप फाईलची परमिशन आहे, ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, बस.

आता माझी फजिती. एका गिऱ्हाइकाकडे हे सगळं बसवलं, खूश होऊन घरी आलो. तीन महिन्यांनी संध्याकाळी मांडवीपाशी सेव-उसळ खात उभा, तर फोन, सर्टिफिकेट एक्सपायर. मी छातीठोक म्हणालो शक्यच नाही, महिनाभरापूर्वी फाईल बदललीय, तारीख बघा. त्याने बघितली, फाईल खरंच नवीन. सर्व्हिसने मात्र ती सुरू होताना एकदाच वाचलेली, मेमरीत जुनंच सर्टिफिकेट घेऊन बसलेली, आणि रीस्टार्टची ओळ मी टाकलीच नव्हती. रश्श्याची प्लेट तशीच ठेवून निघालो. तेव्हापासून फाईलची तारीख बघतच नाही, बाहेरून सर्व्हरला कनेक्ट करून तो काय दाखवतोय ते बघतो. तुम्हीही वेगळ्या मशीनवरून रोज सकाळी सहाही सर्व्हर असे तपासा. ओपनएसएसएलमध्ये चेकएंड म्हणून सोय आहे, तिला १२०९६०० सेकंद द्या, म्हणजे १४ दिवस, आत संपणार असेल तर ती बोंब मारते. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी आठवणीचे मेल पाठवायचं, जून २०२५ पासून तेही बंद झालेत.

आणि गेटवरच्या प्रोग्रामचं ट्रस्टस्टोअर, म्हणजे तो कुठली सर्टिफिकेटं मानतो ती फाईल, उघडून बघा. तुमच्या सिनिअरने त्यात सर्व्हरचं सर्टिफिकेटच कोंबून ठेवलं असेल, बरेच जण असं करतात, तर पहिल्या रिन्यूलाच गेट बंद पडेल. तिथे फक्त रूट सर्टिफिकेट हवं.

प्रश्न : नवीन लिनक्सवर बनवलेली पी१२ फाईल जुन्या जावा ८ च्या सर्व्हरवर टाकली तर पासवर्ड चुकीचा म्हणतो. शंभर वेळा तपासला, बरोबर आहे. डोकं फिरायची वेळ आलीय.
– वाघोडिया रोडवरून

उत्तर : पासवर्ड बरोबरच आहे, एरर खोटं बोलतोय. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं, त्यापासून पी१२ आतून नव्या पद्धतीने एन्क्रिप्ट होते, एईएस वगैरे, आणि जुन्या जावाला ते कळत नाही, मग तो बिचारा पासवर्डवर ढकलतो. जावा ८ चं ३०१ नंबरचं अपडेट किंवा त्यापुढचं कुठलंही टाकलं की वाचायला लागतो. अपडेट करूच देत नसतील तर एक्सपोर्ट करताना लेगसीचा ऑप्शन द्या, चालून जाईल, पण तो जुगाड आहे आणि एन्क्रिप्शनही जुनं, कमजोर. चालशे म्हणून तसंच राहू देऊ नका.

प्रश्न : दादा, मी फतेहगंजला हॉस्टेलवर असतो, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्टिफिकेटची मुदत ४७ दिवसांवर येणार म्हणतात. एकदाच १० वर्षांचं देऊन टाकलं तर कोणाचं काय बिघडतं?
– विद्यार्थी

उत्तर : की चोरीला गेली तर बिघडतं रे. २०१४ चा हार्टब्लीड (ओपनएसएसएलमधली चूक) आठव, तू तेव्हा शाळेत असशील, त्यात सर्व्हरच्या मेमरीतून प्रायव्हेट की गळू शकत होती आणि जगभर सर्टिफिकेटं बदलावी लागली. कागदावर सर्टिफिकेट रद्द करता येतं, पण ते रद्द झालंय का हे ब्राउझर नीट विचारतातच असं नाही, त्यामुळे त्याने लवकर मरणं हाच भरवशाचा उपाय उरतो. मुदत मार्च २०१८ पासून जास्तीत जास्त ८२५ दिवस होती, सप्टेंबर २०२० पासून ३९८ झाली. एप्रिल २०२५ मध्ये सीए-ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाल्यांच्या संघटनेने) ॲपलचा ठराव पास केला, त्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. तुझी पहिली नोकरी हीच फाईल बनवण्यात जाऊ नये असं वाटत असेल तर वरचं लांबलचक उत्तर वाच.

प्रश्न : आमचं रावपुऱ्यात सीएचं ऑफिस आहे. क्लायंटच्या डिजिटल सिग्नेचरची मुदत संपली की दरवेळी धावपळ. ते पण असंच स्क्रिप्टने रिन्यू होईल का? सध्या वेबसाइटवाला आम्हाला पीएफएक्स फाईल व्हॉट्सॲपवर पाठवतो, ते बरोबर आहे ना?
– एक ताई

उत्तर : ताई, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिजिटल सिग्नेचरची की यूएसबी टोकनच्या आत असते, बाहेर काढताच येत नाही, आणि नवीन घेताना क्लायंटला व्हिडिओवर तोंड दाखवावं लागतं, तिथे कुठलीच स्क्रिप्ट चालणार नाही. तारखांची एक्सेल ठेवा आणि महिनाभर आधी फोन करा, एवढंच. वेबसाइटची पीएफएक्स व्हॉट्सॲपवर अजिबात नको, त्यात प्रायव्हेट की असते आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर तिची कॉपी झाली. त्याला सांगा, सर्व्हरवर तूच टाक, आम्हाला पाठवू नकोस, आणि जी पाठवली ती रद्द करून नवीन घे. आणि ड्रॉवरमधल्या टोकनांवर पिन लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतील, सगळ्याच सीएंकडे असतात, त्या आजच काढा.