देवीसमोर येणारे नको ते विचार, आणि उपवासातली गोळी

घटस्थापना जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत देवी असतेच. या वेळी दोन पत्रं घेतली आहेत, दोन्ही कोल्हापूरची. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण असं दुखणं असलेल्या मुली वर्षानुवर्षं कुणाशी बोलत नाहीत.

प्रश्न : मी 22 वर्षांची आहे, एम. कॉम. करते. घर शिवाजी पेठेत. लहानपणापासून शुक्रवारी अंबाबाईला जाते. गेल्या दिवाळीपासून गाभाऱ्यासमोर उभी राहिले की मनात देवीबद्दल घाणेरडे शब्द येतात, कधी सांगता येणार नाही असं चित्र दिसतं. घरी महालक्ष्मी अष्टक म्हणताना तसं झालं की पुन्हा पहिल्यापासून म्हणते. दीड दीड तास जातो. मग परत आंघोळ. आईला सारखी विचारते, मी पापी नाही ना? आता देवळात आत जायची भीती वाटते, महाद्वारातूनच हात जोडून परत फिरते. आईनं एकांना दाखवलं. बाहेरचं आहे म्हणून त्यांनी ताईत बांधलाय. देवी कोपली आहे का? मी पापी आहे का? डॉक्टरांकडं गेले तर ते देवधर्म बंद करायला लावतील का?

उत्तर : बाळ, देवी कोपलेली नाही, तू पापी नाहीस आणि कुठलाही चांगला डॉक्टर तुला देव सोडायला सांगणार नाही. तू लिहिलंयस तो ओसीडी नावाचा आजार दिसतो. जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची. मंत्रचळ म्हणजे सारखे हात धुणं असंच बहुतेकांना वाटतं. पण नको ते विचार येणं आणि ते पुसून टाकायला काहीतरी करत राहणं हाही तोच आजार. नुसत्या पत्रावरून निदान पक्कं होत नाही, समोर बसून सविस्तर बोलावं लागतं. तरीही तुझं पत्र वाचून मला फारशी शंका उरलेली नाही.

हे विचार माणसाला जे सगळ्यात प्रिय असतं नेमके तिथंच घुसतात. माझ्याकडं बाळंतिणी येतात. मांडीवरच्या लेकराला आपल्याच हातून काही होईल या धास्तीनं त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी लपवून ठेवलेली असते. मुसलमान घरातली मुलं येतात. वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, नीट झाला की नाही या शंकेनं पुन्हा पुन्हा नळाखाली हात धरतात, तोवर मशिदीत सगळ्यांची मिळून नमाज संपलेली असते. तुझ्या बाबतीत ती जागा अंबाबाई आहे. असा एखादा विचार कुणाच्याही मनात येऊन जातो. ज्याला देवीचं काही वाटत नाही त्याला तो संध्याकाळी आठवतही नाही. तू हादरतेस, कारण तुझी भक्ती खरी आहे.

औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट तू ऐकली असशील. दाबायला गेलं की तोच विचार वर येतो. अष्टक पहिल्यापासून म्हटलं की घटकाभर बरं वाटतं, पण मन त्यातून एवढंच शिकतं की धोका खरा होता, म्हणून तर इतकं करावं लागलं. दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली. आईला विचारत राहणं हाही त्यातलाच प्रकार. आईनं एकदा तुला जवळ घेऊन सांगावं आणि त्यानंतर त्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. आयांना हे फार जड जातं. पोरगी रडत असताना गप्प बसायचं म्हणजे काय, हे मला कळतं. तरी ते करावं लागतं.

उपचारांत औषधं आहेत : फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन वगैरे. नैराश्याला पुरतो त्यापेक्षा ओसीडीला डोस बहुधा जास्त लागतो आणि नीट गुण यायला 8 ते 12 आठवडे जातात. सुरुवातीला मळमळतं, डोकं दुखतं, झोप बिघडते, आणि फायदा काहीच दिसत नाही. नेमकं तेव्हाच पुष्कळजण औषध सोडतात. तू सोडू नकोस. या गोळ्यांची नशा होत नाही, फक्त मनानं एकदम बंद करायच्या नाहीत.

दुसरा भाग वर्तनोपचाराचा, आणि माझ्या मते तुझ्यासाठी तोच मोठा. तो कसा चालतो ते सांगते. पेशंट माझ्यासमोर बसते, मांडीवर पोथी. अष्टक एकदाच म्हणायचं, मध्ये काहीही मनात आलं तरी थांबायचं नाही. चार-पाच श्लोक होतात तोवर आवाज बारीक झालेला असतो, पोथीचा कोपरा बोटांत मुरगळलेला असतो आणि ओठ पुन्हा पहिल्या ओळीच्या ‘नमस्तेऽस्तु’कडं वळत असतात. तिथं मी एवढंच म्हणते, पुढं चल. संपलं की पोथी मिटून टेबलावर. परत म्हणायचं नाही, मनातल्या मनात माफी मागायची नाही, ‘चाललं का हो?’ असं मला विचारायचं नाही. नुसतं बसून राहायचं. भीती आधी चढते, तळहातांना घाम येतो. मग बऱ्याच वेळानं, कधी अर्धा-पाऊण तास जातो, काहीही न करता ती आपोआप उतरायला लागते. पहिल्या दिवशी थोडीच उतरते, पुढच्या खेपेला लवकर. ते जमलं की देऊळ : आधी लांबून मुखदर्शन, मग रांगेतून गाभाऱ्यासमोर.

देवीला वाईट बोल असं मी कुणालाही सांगत नाही. रांगेतल्या बाकीच्या बायका करतात तेवढंच तू कर. त्यांचंही मन भटकतं, शब्द चुकतो, त्या पुढं म्हणतात. तुझ्याच अष्टकाच्या फलश्रुतीत आहे, ‘एककाले पठेन्नित्यं महापापविनाशनम्’. रोज एक वेळ म्हटलं तरी महापाप जातं असं स्तोत्र सांगतंय. त्याच्यावर तू आणखी नियम घालू नकोस.

ताईत आईच्या समाधानासाठी राहू दे, त्यानं नुकसान नाही. पण कुणी उपचार थांबवायला सांगितलं, तर तिथं पुन्हा जाऊ नका. भूत उतरवायचं म्हणून माणसाला बांधणं-मारणं हा तर महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं आईला घेऊन जा. बोलायचं धाडस होत नसेल तर हे पत्रच डॉक्टरांच्या हातात दे. आणि जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांग, किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. चोवीस तास चालू असतं, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आम्ही कसबा बावड्यात राहतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या मालकांची झोप उडाली, रात्रंदिवस बोलायचे, उसनवारी करून दोन म्हशी आणल्या. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी येणारा आजार. लिथियमच्या गोळ्यांवर आता अगदी चांगले आहेत, दुकान बघतात. यंदा म्हणतात, देवीनं बरं केलं, तेव्हा नऊ दिवस कडक उपवास, अनवाणी राहणार, रात्री जागर आणि गोळ्या बंद. उपवासात गोळी घेतली तर व्रत मोडतं असं सासूबाईंचं म्हणणं. मी आडवी आले तर घरात माझंच चुकतंय.

उत्तर : ताई, तुम्ही आडव्या या. देवीनं बरं केलं असं ते म्हणत असतील तर म्हणू द्या, त्यावर वाद नको. लिथियमवर मात्र मागं हटू नका. ते एकदम बंद केलं तर आजार उलटण्याची भीती मोठी असते, आणि सलग जागरणं हे उन्माद परत यायला नेहमीचं निमित्त आहे. ते दोन्ही एकाच आठवड्यात करायला निघालेत.

गोळ्या चालू ठेवून कडक उपवास केला तरी धोका आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तात ते वाढत जातं. म्हणून निर्जळी नाही, अळणी नाही. फळं, दूध, ताक, शेंदेलोण घातलेली साबुदाण्याची खिचडी चालेल, आणि पाणी रोजच्याइतकं. अनवाणी चालून पाय दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणू नका, त्यांनीही लिथियम वाढतं. जागराला थोडा वेळ बसावं, ठरल्या वेळी झोपावं. अष्टमीला देवीची नगरप्रदक्षिणा बघावी आणि सरळ घरी यावं.

सासूबाईंना महाभारतातला दाखला द्या. उद्योगपर्वात आठ गोष्टी सांगितल्यात ज्यांनी व्रत मोडत नाही : पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. शेवटचं नाव औषधाचंच आहे. त्यांना पटलं नाही तर तुमच्या पुरोहितांकडून वदवून घ्या. त्या माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील आणि त्यात वाईट काही नाही.

घट बसायच्या आधी मालकांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडं जा, उपवासाचं मोकळेपणानं सांगा. रक्तातलं लिथियम तपासून घ्या. रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं. नऊ दिवसांत कधीही उलट्या-जुलाब लागले, हात जोरात थरथरायला लागले, चालताना झोक जायला लागला किंवा जीभ जड झाली, तर पुढची गोळी न देता त्याच तासाला दवाखाना गाठा. उपवास तिथंच सोडायचा.