मानसशास्त्राचे निष्कर्ष सर्वांना लागू पडतात का?

प्रश्न : मानसशास्त्रातील बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य देशांत होतात, मग त्यांचे निष्कर्ष साऱ्या मानवजातीचे कसे मानायचे?

उत्तर : पडताळल्याशिवाय मानू नयेत. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्राच्या सहा प्रमुख नियतकालिकांची छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रयोगांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आढळले. असे निष्कर्ष इतरत्र कसे बदलतात, याचे उदाहरण एका दृष्टिभ्रमाचे आहे : समान लांबीच्या दोन रेषांपैकी एकीच्या टोकांना आत आणि दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेली बाणाची पाती जोडली, की एक रेषा लांब भासते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या वेगवेगळ्या समाजांच्या तुलनेत मात्र आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या सान या आदिवासी लोकांना हा भ्रम जवळजवळ जाणवलाच नाही. पाहण्यासारखी मूलभूत क्रियाही समाजागणिक बदलत असेल, तर एका समाजात बेतलेली बुद्धिमापन चाचणी नुसती भाषांतरित करून दुसऱ्या समाजातील मुलांना मंद ठरवणे हा उघड अन्याय आहे.