आधी हातोडी, मग बयाणा

पोरी,

फोनवर तू तीनदा विचारलंस, "मी उगाच इंजिनिअर बोलावला का?" उगाच नाही, उशिरा बोलावलास. जुन्या फ्लॅटचा बयाणा देऊन झाल्यावर. आधी हातोडीने घर ठोकून बघायचं, मग बयाणा द्यायचा, हा क्रम चुकला म्हणून आज तू बयाण्याचे पैसे परत मागायला मालकाच्या दारात उभी आहेस. आईला सांग, वास्तू लाभण्या-न लाभण्याचा यात काही संबंध नाही.

तू पाठवलेला फोटो परत बघ. हॉलला पीओपी, बेडरूमला ताजा रंग. बाथरूमवरच्या माळ्यात मात्र रंगाऱ्याचा हात पोचलेला नाही. तिथे स्लॅबला सारख्या अंतरावर तपकिरी रेघा आहेत. ती नुसती ओल नाही, आतल्या सळया गंजून बाहेर डोकावतायत. काँक्रीटचा अल्कलीपणा, म्हणजे आम्लाच्या उलटा गुण, सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरला की तो अल्कलीपणा जातो, सळई गंजते, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने काँक्रीट आतून फुटतं. इंजिनिअरने बीम टोचून फिनॉल्फथॅलिन मारलं, म्हणजे अल्कलीपणा असेल तर गुलाबी होणारं रसायन, आणि गुलाबी रंग आला नाही, तो याचमुळे.

आता मालक ४ लाख कमी करतोय आणि तुझं मन डळमळतंय. डळमळू देऊ नकोस. १० मिमीची सळई ८ मिमीची झाली तर २ मिमीच गेले असं वाटतं, पण तिचा छेद ३६ टक्क्यांनी घटतो. वरून प्लास्टर थापलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा पडेल. नीट करायचं तर सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडायचं, गंज घासून काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा, झिजलेल्या सळईला जोड द्यायची आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट हा दुरुस्तीचा खास माल भरायचा. हे तू एकटी तुझ्या फ्लॅटपुरतं करून भागत नाही. कॉलम तळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांचा असतो.

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला होता, हे मला पुन्हा ऐकवू नकोस. तो कर्जासाठी किंमत ठरवतो, सळई तपासत नाही.

बयाण्याच्या पावतीवर रक्कम जप्त करण्याची अट आहे का, ते आधी वाच. नसेल तर इंजिनिअरचा अहवाल जोडून लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठव. फोनवर भांडत बसू नकोस. पुढच्या वेळी पावतीवर एक ओळ लिहून घे: तपासणी अहवाल समाधानकारक नसल्यास पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत.

एवढी चिकित्सा करत बसलं की चांगलं घर दुसरा घेऊन जातो, असं मला सगळेच सांगतात. जाऊ दे. मी माझं म्हणणं सोडणार नाही. आधी हातोडी.

हातोडी छोटी चालेल, सोबत टॉर्च आणि स्टूल ने. मालकाला विचारून स्लॅब, बीम, कॉलम हलकेच ठोक. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे पोकळी आहे. मालक ठोकू देत नसेल तर तिथूनच परत फीर. सोसायटीकडे शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल माग. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुझी ही इमारत ३२ वर्षांची होती आणि तू अहवाल मागितलासुद्धा नाहीस!

आणि खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजव. आपल्या बाथरूमची गळती आपल्याला दिसत नाही, त्यांच्या छताला दिसते.