नागपुरात प्रोबेट लागतंच का? कोर्टाचं नंतर बघू, आधी साक्षीदार गाठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की काका गेले, कपाटात रजिस्टर न केलेलं मृत्युपत्र सापडलं, त्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा) म्हणून तुमचं नाव, मानेवाड्याला घर, उमरेडकडे थोडी शेती, दोन बँकांत एफडी, काही शेअर्स, मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात, आणि घरी भेटायला येणारा जो तो सांगून राहिला की प्रोबेट घ्या नाहीतर त्या कागदाला काही किंमत नाही. माझ्या मोठ्या मामांच्या मागे हेच काम माझ्याकडे आलं होतं, मी वकील नाही पण त्यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो.

काका हिंदू, मृत्युपत्र नागपुरात केलेलं आणि घर-शेती पण नागपूर जिल्ह्यातच, तर प्रोबेट सक्तीचं नाही. १९२५ च्या इंडियन सक्सेशन ॲक्टमधली ती सक्ती मुंबई, मद्रास आणि बंगालसाठी लिहिलेली होती, त्यामुळे मुंबईचे नातेवाईक तेच ऐकत आलेले असतात आणि तेच आपल्याला सांगतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण आपल्याकडे ते जसंच्या तसं लागू नव्हतंच, आणि २०२५ मध्ये ते सक्तीचं कलमच कायद्यातून काढलं गेलं. एक्झिक्युटरला अधिकार मृत्युपत्रातूनच मिळतो, प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाने मारलेला शिक्का. आणि घर नक्की काकांच्याच मालकीचं होतं का, हा प्रश्न प्रोबेट कोर्ट सोडवत नाही, तेव्हा टायटलमध्ये घोळ असेल तर प्रोबेट घेऊनही तो तसाच राहतो.

रजिस्टर नाही म्हणून पण टेन्शन घेऊ नका. मृत्युपत्र रजिस्टर करणं कायद्याने ऐच्छिक आहे, स्टॅम्प पेपर पण लागत नाही, साध्या कागदावरचंही चालतं. लागतात दोन साक्षीदार, ज्यांनी काकांना सही करताना पाहिलं आणि मग काकांसमोर स्वतः सह्या केल्या. उद्या कोणी कोर्टात गेलं तर त्या दोघांपैकी निदान एकाला तरी, हयात असेल तर, येऊन सांगावं लागतं की हो, माझ्यासमोर सही झाली. रजिस्टर केलेल्या मृत्युपत्रालाही हे चुकत नाही, नोटरीचा शिक्का असला तरी नाही. म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, बँकेत जायच्या आधी, वकिलाकडे जायच्या आधी, ते दोघं साक्षीदार कुठे आहेत, कसे आहेत ते बघा.

मामांच्या मृत्युपत्रावरचे एक साक्षीदार त्यांच्या ऑफिसातले जुने मित्र, महालात राहणारे, ऐंशीच्या पुढचे. मी मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यांच्याकडे घेऊन गेलो तर त्यांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली, चष्मा कपाळावर सरकवला, कागद अगदी डोळ्यांजवळ धरला, आणि स्वतःच्या सहीवरून बोट फिरवत म्हणाले, "ही माझीच. पेन तुझ्या मामाचं होतं, हिरव्या शाईचं, माझं चाललं नव्हतं." मग कोण कुठे बसलं होतं, आधी मामांनी सही केली मग ह्यांनी, दुसरे साक्षीदार दाराशी उभे होते, सगळं सांगितलं. कोर्ट नेमकं हेच विचारतं हो, कोण हजर होतं, आधी कोणी सही केली, माणूस शुद्धीत होता का. वकिलाच्या सल्ल्याने आम्ही त्यांचं ॲफिडेव्हिट लगेच करून घेतलं, नोटरीला घरी बोलावून. वाद झाला तर असं ॲफिडेव्हिट साक्षीची जागा पूर्ण घेत नाही हे खरं, पण माणसाची आठवण ताजी असताना ती कागदावर येते, आणि प्रोबेटचा अर्ज करायचाच झाला तर त्यावर साक्षीदाराचं व्हेरिफिकेशन जोडावं लागतं तेव्हा शोधाशोध होत नाही. दोघंही हयात नसतील तर त्यांची सही ओळखणारा माणूस शोधावा लागतो, रस्ता आहे पण लांबचा आहे.

मूळ मृत्युपत्राबद्दल एक, त्याला नवीन पिन मारू नका, जुनी काढू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पिनेची जास्तीची भोकं दिसली की समोरचा वकील पान बदललं म्हणून तेच धरून बसतो. स्कॅन करा, आणि तो स्कॅन मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच मेलमध्ये पाठवा. एकाला आधी कळलं आणि दुसऱ्याला नंतर, एवढ्यावरून घरं फुटताना पाहिली आहेत.

आता प्रोबेट घ्यावं कधी. कोणी वारस नाराज असेल, काकांनी कोणाला वगळलं असेल किंवा फार कमी दिलं असेल, शेअर्स मोठ्या रकमेचे असून नॉमिनी नसेल, किंवा घर लवकरच विकायचं आहे आणि घेणाऱ्याचा वकील मागतोय, तर घ्याच. अर्ज सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात होतो, मृत्यूनंतर सात दिवस झाल्याशिवाय प्रोबेट मिळत नाही. कोर्ट वारसांना नोटीस काढतं, पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते, मालमत्तेच्या किमतीवर कोर्ट फी लागते पण महाराष्ट्रात तिला वरची मर्यादा आहे. कोणी कॅव्हिएट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका असा अर्ज) टाकून हरकत घेतली की त्याच अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षं जाऊ शकतात. मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात. कोणी सक्सेशन सर्टिफिकेट काढा म्हणेल, तर ते बँकेतली रक्कम, शेअर्स असल्या गोष्टींसाठी असतं, घर-शेतीला ते कामाचं नाही.

सगळे राजी असतील तर मात्र कोर्टाविना पुष्कळ काम होतं. महानगरपालिकेकडून मृत्यूचा दाखला घ्या, मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, आणि प्रती भरपूर काढून ठेवा कारण प्रत्येक टेबलावर एक राहते. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं, खरेदीखतावरचं, पासबुकावरचं, शेजारी शेजारी ठेवून जुळवा, आपल्याकडे एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर हा प्रकार फार, तेव्हा एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा.

घर सिटी सर्व्हेत असेल तर आखीव पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या मालकी उताऱ्यावर) नोंद नगर भूमापन कार्यालयात. मानेवाड्याकडचे बरेच प्लॉट लेआउटमधले आहेत, तेव्हा नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं (एनआयटी), आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि डिमांडच्या, म्हणजे त्यासाठी भरलेल्या पैशांच्या, पावत्या शोधा, त्या नसतील तर पुढे अडतं. शेतीचा फेरफार पटवाऱ्याकडे, मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं, मग नोटीस निघते आणि हरकतीला मुदत असते. घर टॅक्स, लाइट, पाणी ही नावं शेवटी बदला, त्यांनी मालकी ठरत नाही.

बँकेत नॉमिनी असेल तर पैसे नॉमिनीला मिळतील, पण ते त्याचे होत नाहीत. तो सांभाळणारा, मालक मृत्युपत्राप्रमाणे. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ मध्येच सांगितलं, सरबती देवीच्या निकालात (विम्याचा कायदा मात्र २०१५ मध्ये जवळच्या नॉमिनींसाठी बदलला), आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानीच्या. काकांनी एफडीवर मुलाचं नाव घातलं असेल आणि मृत्युपत्रात ती मुलीला दिली असेल तर हे मुलाला तुम्हीच आधी, शांतपणे, समजावून सांगा, बँकेच्या काउंटरवर त्याला कळू देऊ नका. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल तर बँक इंडेम्निटी बाँड (पुढे कोणी दावा केला तर भरून देण्याची हमी) घेऊन मृत्युपत्रावर पैसे देऊ शकते, ते तिच्या मर्जीवर. जुनी विसरलेली खाती असतील अशी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघा, दहा वर्षं हात न लागलेले पैसे तिकडच्या फंडात जातात पण वारसाला परत मिळतात.

अमेरिकेतल्या मुलाकडून संमती किंवा मुखत्यारपत्र हवं असेल तर तिकडे नोटरी करून अपॉस्टिल (परदेशात चालणारा तिथल्या सरकारचा प्रमाणित शिक्का) करायला सांगा, नाहीतर भारतीय वकिलातीत. मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची असते, तेव्हा पाकीट आलं त्या तारखेचा पुरावा, कुरिअरचं कव्हर, फेकू नका.

आणि वाटपाची घाई कोणी केली तरी करू नका. अंत्यविधीचा खर्च, कोर्टकचेरीचा खर्च, काकांची देणी, दवाखान्याचं बिल, पेन्शन असेल तर मृत्यूनंतर चुकून जमा झालेले हप्ते परत, हे सगळं आधी. देणी राहिली आणि तुम्ही पैसे वाटून मोकळे झालात तर ते तुमच्या अंगावर येऊ शकतं. मृत्यूपासून एक वर्षापर्यंत वाटप करायला कायदा तुम्हाला बांधत नाही, हे नातेवाइकांना सरळ सांगा. वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही, पण काकांचं मृत्यूच्या तारखेपर्यंतचं इन्कम टॅक्स रिटर्न भरावं लागेल, त्यासाठी पोर्टलवर वारस किंवा एक्झिक्युटर म्हणून नोंदणी होते, आणि त्यानंतर एफडीवर आलेलं व्याज वेगळं दाखवायचं असतं, म्हणून मृत्यूच्या तारखेचा बॅलन्स दोन्ही बँकांकडून लेखी घेऊन ठेवा.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमल्याचं वाक्य नेमकं कसं लिहिलंय ते इथे टाकता आलं तर टाका, नावं झाकून. नुसतं "माझा पुतण्या सगळं बघेल" एवढंच असेल तर प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (एक्झिक्युटर नेमलेला नसताना मालमत्ता बघायला कोर्ट देतं तो अधिकार) मागावं लागू शकतं, ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा.