वाचकांचे प्रश्न : कलावंत शाळेत येतो तेव्हा

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी एखादा नामवंत कलावंत एका दिवसासाठी येतो. मुले भारावून जातात, पण आठवड्याभरात सारे पूर्ववत होते. शाळा, वाचनालय आणि परिसरातील नाट्यसंस्था यांनी मिळून काही टिकाऊ व्यवस्था उभी करता येईल का? कलावंतांनी हे काम विनामूल्य करावे, असे समितीतील काहींचे मत आहे.

उत्तर : मानधनाविषयी आधी लिहितो, कारण त्याबाबत माझ्या मनात शंका नाही. कलेवरच ज्यांचे पोट आहे त्यांच्याकडून फुकट काम मागू नये. तासाबरोबरच तयारीचा, प्रवासाचा आणि शिक्षकांसोबतच्या बैठकीचा मोबदलाही द्यावा. निधी अपुरा असेल तर कलावंत कमी बोलवावेत, भेटी कमी करू नयेत. भागीदारांचा वाटा पैशातच असावा असेही नाही. वाचनालयाने जागा द्यावी, नाट्यसंस्थेने साहित्य द्यावे आणि शाळेने सलग दोन तासिका द्याव्यात. ही शेवटची गोष्टच बहुधा सर्वांत अवघड जाते.

एका दिवसात मुलांना कलावंताचे कौशल्य दिसते, त्याची काम करण्याची रीत दिसत नाही. चाकावर भांडी घडवणाऱ्या कलावंताचे उदाहरण घ्या. पहिल्या भेटीत मुले तयार होत जाणारे सुबक भांडे पाहतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखाद्या मुलीचे भांडे चाकावरच कोसळते. तेव्हा कलावंत ते लपवत नाही, तारेने उभे कापून दोन भाग करतो, भिंत कुठे पातळ राहिली ते दाखवतो आणि त्या जाडीवरून प्रत्येकाला बोट फिरवायला लावतो. या क्षणी वर्गशिक्षिका मागच्या बाकावर वह्या तपासत बसली असेल, तर पुढच्या आठवड्यात हा धागा उचलणारे कोणीच उरत नाही. म्हणून शिक्षिकेनेही हात मातीत घालावेत, अशी अट मी करारातच लिहीन.

इंग्लंडमध्ये २००२ ते २०११ या काळात चाललेल्या ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ या उपक्रमात शाळेची गरज आणि कलावंताची पद्धत यांची सांगड घालण्यासाठी स्वतंत्र मध्यस्थ नेमले जात. इटलीतील रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांनी तर कलेची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती शिक्षकवर्गातच सामावून घेतली. तुम्हाला इतकी मोठी यंत्रणा लागणार नाही, पण वेळापत्रक, साहित्य आणि मानधन यांची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर असावी. तीन संस्थांचे काम ‘सर्वांचे’ म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

प्रश्न : उत्तम कलावंत उत्तम शिकवेलच असे नाही. मग निवड कशी करावी?

उत्तर : पुरस्कारांची यादी पाहण्यापेक्षा अर्ध्या तासाचे सत्र घ्यायला सांगावे आणि त्या वेळी कलावंताकडे न पाहता गप्प बसलेल्या मुलांकडे पाहावे. ‘एखाद्या मुलाने भाग घ्यायचे नाकारले तर तुम्ही काय कराल?’ हेही विचारावे. निवड कोणाचीही झाली, तरी मुलांना त्या व्यक्तीबरोबर एकटे सोडू नये. शाळेचा शिक्षक प्रत्येक तासाला हजर असलाच पाहिजे.